बिब उलटा कुणी करायचा?

थंडी पडायला लागली की कॉलेजच्या ग्रुपवर तो मेसेज पडतोच. ‘मॅरेथॉनसाठी व्हॉलंटिअर्स हवेत. टी-शर्ट, नाश्ता, सर्टिफिकेट मिळेल. इच्छुकांनी नावं द्यावीत.’ खाली अर्ध्या तासात चाळीस अंगठे. त्यातले निम्मे पहाटे चारला उठत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण तुम्ही उठणाऱ्यांपैकी असाल, तर थोडा वेळ द्या. तुमच्याशीच बोलायचंय.

मी कॉलेजात असताना सलग तीन वर्षं ही ड्यूटी केली. एनएसएसचे वर्षाचे १२० तास भरायचे होते, हे पहिल्या वर्षीचं कारण. नंतर आवड लागली. अंधारात रस्ता रिकामा असतो, मग लांबून पावलांचा आवाज यायला लागतो, ते ऐकायला मजा येते. पण त्यातल्या दुसऱ्या वर्षीची एक सकाळ काही डोक्यातून जात नाही.

हाफ मॅरेथॉन होती, म्हणजे एकवीस किलोमीटर. आम्ही तिघं मुलगे अठराव्या किलोमीटरला, एका चढाच्या टोकावर. गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडी, डोक्यावर स्पॉन्सरची टोपी. काम काय, तर आडव्या गल्लीतून येणाऱ्या दुचाक्या अडवायच्या आणि पळणाऱ्यांना ‘कमॉन, कमॉन, थोडंच राहिलंय’ म्हणायचं. (थोडंच म्हणजे तीन किलोमीटर. अठरा पळून आलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल, देव जाणे.) साडेआठच्या सुमाराला चाळिशीतल्या एक ताई चढ चढून आल्या. दुभाजकाला हात लावला, खाली बसल्या आणि मग आडव्याच झाल्या. डोळे उघडे होते, काहीतरी बोलतही होत्या, पण शब्द लागत नव्हता.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. एकानं जोरात शिट्टी वाजवली. का वाजवली, ते त्यालाही अजून सांगता येत नाही. दुसरा ‘पाणी आणतो’ म्हणून पळाला. आणि मी? मी दोन पावलांवर उभा राहून ‘ताई, काय होतंय? ताई?’ एवढंच विचारत राहिलो. मध्येच ग्रुपवर टाकलं, ‘१८ केएमला एक मॅडम पडल्यात.’

आदल्या दिवशीच्या मीटिंगमध्ये आम्हाला एक गोष्ट तीनदा सांगितली होती. पळणाऱ्याच्या छातीवर सेफ्टी पिनांनी लावलेला नंबराचा कागद असतो ना, बिब, त्याच्या मागच्या बाजूला रक्तगट, असलेले आजार आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला असतो. कुणी पडलं तर आधी बिब उलटा करायचा. आम्हाला हे पाठ होतं. पण बिब छातीवर. पडलेली बाई. आम्ही मुलगे. भोवती आठ-दहा बघे जमलेले आणि त्यातल्या दोघांचे मोबाइल वर झालेले.

हात पुढे जाईना.

दोन-अडीच मिनिटं गेली असतील. मग खालच्या वॉटर स्टेशनवरून एक मुलगा स्पंजची बादली घेऊन धावत आला. हा आमच्याच वर्गातला, पण वर्षभरात त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मीटिंगमध्येसुद्धा ‘हा बोलत नाही, ह्याला पेले भरायला ठेवा’ असं म्हणून त्याला टेबलामागे टाकलेला. तो सरळ रस्त्यावर गुडघे टेकून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘मॅडम, मी तुमचा बिब काढतोय. मागचा नंबर बघायचाय. चालेल?’ त्यांनी मान हलवली की नुसतीच हलली, माहीत नाही. त्यानं पिना काढल्या, कागद उलटा करून माझ्या हातात दिला आणि ओले स्पंज त्यांच्या मानेला, कपाळाला लावायला लागला. बघ्यांना म्हणाला, ‘सावली करा.’ आणि मोबाइलवाले दोघे मुकाट्यानं सावली करून उभे राहिले.

कागदावर लिहिलं होतं, डायबेटिस. मी नवऱ्याला फोन लावला. अँब्युलन्स अकरा मिनिटांनी आली. ताई बऱ्या झाल्या, दुपारी घरी गेल्या, संध्याकाळी त्यांच्या नवऱ्याचा फोनही आला. त्यांनी माझेच आभार मानले, कारण नंबर माझा होता. मी ते घेतले. हेही सांगून टाकतो.

ही गोष्ट मी आतापर्यंत बऱ्याच जणांना सांगितली आहे आणि दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. पहिली, ‘तो मुलगा मुळातच चांगला असणार रे, काहींचा स्वभावच असतो मदतीचा.’ दुसरी, ‘तिथं एखादी मुलगी असती तर हा प्रश्नच आला नसता.’ मला दोन्हींबद्दल बोलायचंय. पहिली माझ्या मते बऱ्यापैकी चूक आहे. दुसरी बरोबर आहे, पण ज्या कारणासाठी लोक म्हणतात त्या कारणासाठी नाही.

आधी स्वभाव. त्या मुलाला मी नंतर विचारलं, तुला भीती नाही वाटली? तर म्हणाला, घरी आजी तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिला उठवणं, बसवणं, कपडे बदलणं आई आणि तो मिळून करायचे. ‘विचारून हात लावला की कुणाला काही वाटत नाही,’ एवढंच बोलला आणि परत गप्प. म्हणजे ज्याला आम्ही स्वभाव म्हणत होतो, ती तीन वर्षांची सवय होती.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत स्वभाव पाच पट्ट्यांवर मोजायची एक पद्धत आहे. तुमच्यापैकी कुणी आर्ट्सला सायकॉलॉजी घेतलं असेल तर माहीत असेलच. नव्याची ओढ, शिस्त, माणसांत रमणं, समंजसपणा आणि चिंतातुरपणा. स्वयंसेवक म्हणून नाव देणाऱ्यांमध्ये माणसांत रमणारे आणि समंजस लोक जास्त भेटतात, हे खरं आहे. पण हे नाव कोण देतं याचं उत्तर झालं. अठराव्या किलोमीटरला कोण हलेल याचं नाही. आम्ही तिघंही माणसांत रमणारेच होतो. म्हणून तर शिट्ट्या आम्हाला मिळाल्या होत्या.

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लटाने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. (हो, त्यांचं नाव खरंच बिब. मी जमवून आणलेलं नाही.) विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, गप्पा इंटरकॉमवर. मध्येच एकाला फीट आल्याचा आवाज ऐकू येतो. तो आवाज आधीच रेकॉर्ड केलेला होता, पण ऐकणाऱ्याला हे माहीत नाही. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के फीट चालू असतानाच मदत बोलवायला उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ६२ टक्के. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. इथपर्यंत बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्याच्या पुढचं मात्र कुणी सांगत नाही. या दोघांनी विद्यार्थ्यांच्या स्वभावाच्या चाचण्याही घेतल्या होत्या आणि त्या चाचण्यांवरून कोण लवकर उठेल हे सांगता आलं नाही. मुलगा की मुलगी यानंही फरक पडला नाही. फरक पडला तो आणखी कितीजण ऐकताहेत यानं. आणि जे उठले नाहीत ते निर्विकार बसले होते असंही नाही. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. करावं की करू नये, यातच ते अडकले होते.

हे वाचलं तेव्हा मला माझी ती दोन पावलं आठवली. मी दगड नव्हतो. मी अडकलो होतो. आम्ही तिघं होतो, म्हणून प्रत्येक जण बाकीच्या दोघांकडे बघत होता. एकटा असतो तर कदाचित वाकलो असतो. कदाचितच म्हणतो, कारण दुसरी अडचण होतीच.

ती दुसरी अडचण फक्त माझ्या डोक्यातली नव्हती. उत्तर अमेरिकेतल्या हृदयक्रिया बंद पडलेल्या हजारो रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सार्वजनिक जागी पडलेल्यांपैकी ४५ टक्के पुरुषांना आजूबाजूच्या माणसांनी छाती दाबून सीपीआर दिला होता. बायकांच्या बाबतीत हे प्रमाण होतं ३९ टक्के. आपल्याला वाटतं, तिकडचे लोक मोकळे. पण छातीला हात लावायचा म्हटलं की तिकडचेही हात थबकतात. आपल्याकडे तर काय बोलायलाच नको. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य आपण पोळीबरोबर खातो.

आणि आता येतो ड्यूटी चार्टवर. तो तुम्ही पाहिलाच असेल. दरवर्षी एक्सेल शीट तीच, फक्त तारीख बदलते. मुले : रूट, ट्रॅफिक, गर्दी, पार्किंग, सामान उतरवणे. मुली : रजिस्ट्रेशन, स्वागत, औक्षण, मेडल, स्टेज. खाली कंसात ‘मुलींनी काठपदराची साडी नेसावी’. मुलांनी काय नेसावं याबद्दल काही नसतं.

त्या सकाळी पूर्ण एकवीस किलोमीटरच्या रूटवर आमच्या कॉलेजची एकही मुलगी नव्हती. पळणाऱ्यांमध्ये शेकड्यांनी बायका होत्या, रस्त्यावर त्यांच्या मदतीला उभे सगळे मुलगे. आणि आमच्याच वर्गातली एक मुलगी, एनसीसीची कॅडेट, फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालेली, स्ट्रेचर कसा उचलायचा हे आम्हाला एकदा करून दाखवलेली, ती कुठं होती? फिनिश लाइनच्या स्टेजवर, मेडलचा ट्रे धरून. मी तिला नंतर सगळा प्रकार सांगितला. ती चिडली नाही. म्हणाली, ‘मला सकाळी सहापासून एकच गोष्ट सांगत होते, हसत राहा.’

तिथं एखादी मुलगी असती तर, असं म्हणणाऱ्यांना वाटतं की मुलगी असती तर तिला आतून माया फुटली असती. मला तसं वाटत नाही. ती असती तर तिला बिबला हात लावताना अडचण वाटली नसती आणि तिला काय करायचं हे शिकवलेलं होतं. माया नंतर. चार्ट करणाऱ्यांनी तिच्या ट्रेनिंगकडे न बघता तिच्या मुलगी असण्याकडे बघितलं, आणि त्या पेले भरणाऱ्याच्या हातांकडे न बघता त्याच्या गप्प बसण्याकडे. चूक एकच आहे, दोन ठिकाणी झालेली.

तुम्ही म्हणाल, पण मुलींना खरंच मदतीची कामं जास्त जमतात की! आणि मुलगे धाडसी असतात, हेही दिसतं. दिसतं, मान्य. १९८६ साली अ‍ॅलिस इगली आणि मॉरीन क्राउली या दोघींनी तोवर झालेले मदतीवरचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले. त्यात पुरुष बायकांपेक्षा जास्त मदत करतात असं निघालं. पण थांबा. ते सगळे प्रयोग होते अनोळखी माणसाला, थोड्या वेळात करायच्या मदतीचे. आणि लोक बघत असले की पुरुषांचं पारडं आणखी जड व्हायचं. घरच्या आजाऱ्याचं वर्षानुवर्षं करणारी बाई या प्रयोगांत कुठं बसणार? म्हणजे मदत दोघंही करतात. कुणाची मदत चारचौघांत होते आणि कुणाची चार भिंतींत, एवढाच प्रश्न आहे. आणि चारचौघांतली मदत कुणाच्या वाट्याला येते ते चार्ट ठरवतो. रूटवर उभं केलेल्याला धाडस दाखवायची संधी मिळते. स्टेजवर उभं केलेलीला हसायची.

आणखी एक प्रयोग सांगतो आणि प्रयोग संपवतो, कारण हा तुमच्या ग्रुपमध्ये उद्या करून बघता येईल. लिंडा बॅबकॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली तो प्रसिद्ध केला. तिघातिघांचे गट. दोन मिनिटांत कुणीतरी एकानं एक बटण दाबायचं. दाबणाऱ्याला कमी पैसे, बाकीच्या दोघांना जास्त. कुणीच नाही दाबलं तर सगळ्यांनाच सगळ्यात कमी. थोडक्यात, नाश्त्याची पाकिटं मोजायला कोण बसणार? मिश्र गटांत मुलींनी बटण दाबायचं प्रमाण मुलांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त निघालं. झालं, सिद्ध झालं, मुली मुळात त्यागी! पण मग त्यांनी फक्त मुलींचे आणि फक्त मुलांचे वेगळे गट केले. तिथं दोघांचं प्रमाण सारखंच. मुलगे एकटे असले की निमूट बटण दाबतात आणि मुली एकट्या असल्या की त्याही एकमेकींची वाट बघतात. मिश्र गटात मात्र सगळ्यांनाच, मुलींनाही, आतून ठाऊक असतं की शेवटी कोण दाबणार आहे. हा स्वभाव नव्हे, हा अंदाज आहे. आणि पुढचा भाग तर आपल्या कोऑर्डिनेटर मंडळींनी वाचावा. ‘हे काम करशील का?’ असं विचारायची जबाबदारी एकाकडे दिली, तेव्हा विचारणारा पुरुष असो की बाई, त्यांनी मुलींनाच जास्त वेळा विचारलं. आणि विचारल्यावर मुलींनी होही जास्त वेळा म्हटलं.

आता तुमच्या ग्रुपवरचा शेवटचा ‘जरा एक शीट बनवाल का कुणी’ हा मेसेज आठवा. शीट कुणी बनवली होती?

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मेडलचे ट्रे धरायला उंची मोजून मुली निवडल्या होत्या. दातात चॉपस्टिक धरून त्यांच्याकडून हसण्याचा सराव करून घ्यायचे, त्याचे फोटो जगभर छापून आले. त्यानंतर तेरा वर्षांनी, टोकियो ऑलिम्पिकच्या आधी, आयोजन समितीचे अध्यक्ष योशिरो मोरी म्हणाले, बैठकीत बायका असल्या की बैठक लांबते. हे जपानचे माजी पंतप्रधान. त्यावर शेकडो स्वयंसेवकांनी आपली नावं मागे घेतली आणि चारी बाजूंनी इतका दबाव आला की मोरींना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी सैको हाशिमोतो आल्या, स्वतः ऑलिम्पिक खेळलेल्या. पुढे त्या टोकियोत ट्रे धरायला मुलगेही होते. फुकट काम करणाऱ्या माणसांकडे काही ताकद नसते असं तुम्हाला वाटत असेल, तर ही गोष्ट लक्षात ठेवा. लंडनमध्ये २०१२ला ७० हजार स्वयंसेवक होते. एवढी माणसं एका सकाळी आलीच नाहीत तर स्पर्धा होईल का? आपल्या गावातली मॅरेथॉनसुद्धा तुमच्याशिवाय होत नाही. आयोजकांना हे ठाऊक असतं. आपल्यालाच नसतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. पहाटे साडेचारला अंधाऱ्या रस्त्यावर मुलींना कसं उभं करायचं? घरचे विचारतात, सर विचारतात, आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण, हा प्रश्न कोऑर्डिनेटरला रात्री झोपू देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही झोप लागली नसती. पण हा प्रश्न सोडवण्याचे दोन रस्ते आहेत. एक, मुलींना रूटवरून काढून टाकायचं. दुसरा, न्यायला-आणायला गाडी ठेवायची, प्रत्येक पोस्टवर दोन मुलगे आणि दोन मुली अशा जोड्या करायच्या, जवळचं टॉयलेट कुठं आहे ते चार्टवर लिहायचं. पहिला रस्ता फुकट आहे, म्हणून तो निवडला जातो. आणि गंमत बघा, स्टेजवरच्या मुलीसुद्धा साडी नेसून पहाटे पाचलाच येतात. कशा येतात, हे कुणी विचारत नाही.

तर यंदा नाव देताना एवढं करा. चार्ट आला की ‘मुले’ आणि ‘मुली’ हे दोन रकाने का आहेत ते विचारा. त्याऐवजी तिसरा रकाना मागा, कुणाला काय येतं याचा. सायकल चालवता येते, कन्नड येतं, फर्स्ट एड येतं, घरी म्हातारं माणूस सांभाळलंय, लहान भावंडं सांभाळलीत. कमी बोलणाऱ्याला पेल्यांमागे टाकू नका, आणि हरवलेलं पोर दिसलं की ‘मुलींकडे द्या’ म्हणून मोकळे होऊ नका. पोराला कडेवर घ्यायला मुलग्यांनाही हात असतात.

प्रत्येक पोस्टवर आधीच ठरवून ठेवा, कुणी पडलं तर हात कोण लावणार, फोन कोण करणार, गर्दी कोण हटवणार. नाव घेऊन ठरवा. ‘आपण सगळे बघू’ म्हणजे कुणीच बघत नाही, हे मी अठराव्या किलोमीटरला शिकलोय. मीटिंगमध्ये टी-शर्टच्या साइझवर पाऊण तास जातो, त्यातली वीस मिनिटं मागून घ्या आणि एखाद्या डॉक्टरला किंवा ट्रेनरला बोलवा. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल तर १०८ला फोन लावून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं असतं, हे तुम्ही वाचून विसराल. पुतळ्यावर एकदा केलं की हात विसरत नाहीत. आणि त्या पुतळ्यावर टी-शर्ट घाला, बिब लावा, पिना काढायचा सराव करा. बाईचा पुतळा मिळाला तर तोच घ्या. हसू येईल सगळ्यांना. येऊ दे. ते हसू मीटिंगमध्ये संपलेलं बरं.

मुलग्यांसाठी एक वेगळं सांगतो, कारण मी तिथं उभा होतो. हात लावायच्या आधी मोठ्यानं बोला. काय करताय ते सांगा, का करताय ते सांगा. तुमचा आवाज पडलेल्या माणसालाही लागतो आणि मोबाइल वर केलेल्या माणसालाही.

माझी मावसबहीण यंदा एसवायला आहे. परवा तिच्या ग्रुपवर चार्ट आला. तिच्या नावापुढे ‘मेडल, साडी’. तिनं खाली लिहिलं, ‘सर, मला रूट मिळेल का? मी सिव्हिलमध्ये फर्स्ट एडचा कोर्स केलाय.’ दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर रात्री दहाला आलं, ‘ठीक आहे, घरून परवानगीचं पत्र आण.’ तिनं ते वाचलं, जेवली, आणि मग लिहिलं, ‘आणते सर. रूटवरच्या मुलांनी पण आणायचंय ना?’

मी हे लिहून संपवेपर्यंत तरी त्यावर सरांचं उत्तर आलेलं नाही. खाली मुलामुलींचे सत्तावीस अंगठे आहेत.